खंडेनवमीची पिवळी

खंडेनवमीला चाकणच्या पट्ट्यात मशीन चालत नाही. एरवी रविवार म्हणू नका, रात्रपाळी म्हणू नका, धडधड सुरूच असते. पण त्या दिवशी वेल्डिंगचे रोबोसुद्धा गळ्यात झेंडूची माळ घालून मुकाट उभे राहतात. हत्यारं धुऊनपुसून मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा इथला कायदा. तो सरकारनं केलेला नाही, म्हणून सगळे पाळतात.

तनुजा त्या दिवशी राजगुरुनगरहून निघाली ती काही पूजेसाठी नव्हे. परवा औषध कंपनीचा माणूस येणार होता. त्याला द्यायची बाटली एकदा डोळ्यांनी पाहून यावी, म्हणजे जिवाला स्वस्थता, एवढंच तिच्या मनात होतं. चाकण चौकातल्या ट्रकांच्या गर्दीतून स्कूटी काढत ती खराबवाडीच्या मागच्या रस्त्याला लागली आणि दुपारी, ती काम करायची त्या उद्धवरावांच्या शेडपाशी पोचली. शटर वर होतं. आत मधोमध चौरंग मांडलेला, त्यावर देवीचा लाल खण, पुढं रांगोळी. पान्हे, ड्रिल, वजनकाटा अशी सगळी मंडळी रांगेत बसली होती. सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं होतं. आणि सगळ्यांच्या मध्ये, मानाच्या जागी, तिची बाटली होती.

बाटलीवरची चंदेरी फॉइल काढून टाकलेली होती. छतातल्या पारदर्शक पत्र्यातून उन्हाचा झोत नेमका तिच्यावर पडला होता. आतलं पाणी हळदीच्या पाण्यासारखं पिवळं असायला हवं होतं. ते नळाच्या पाण्यासारखं दिसत होतं.

तनुजा चपला न काढताच चौरंगापाशी गेली.

"चपला!" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आवाज आला. "पूजा हाय तिथं."

आवाज छबूबाईंचा. उद्धवरावांची आई. वय सत्तरीच्या पुढं, नऊवारी कडक, जीभ त्याहून कडक. शेड ज्या जमिनीवर उभं होतं ती जमीन अजून त्यांच्याच नावावर होती आणि ही गोष्ट त्या कोणालाही विसरू देत नसत.

"आजी, हिची फॉइल कोणी काढली?"

"म्या काढली. का?"

या बाटलीत काय होतं ते आधी सांगायला हवं. शेडमध्ये एक एन्झाइम तयार व्हायचं. डी-अमिनो अॅसिड ऑक्सिडेज असं त्याचं लांबलचक नाव. एक अँटिबायोटिक बनवताना मधल्या एका पायरीला ते लागतं. ज्योतीराम नावाचा ऑपरेटर होता, धाराशिवकडचा, त्यानं पहिल्याच आठवड्यात त्या नावाला हात जोडले आणि एन्झाइमला 'पिवळी' म्हणायला सुरुवात केली. तेच नाव पडलं. पिवळा रंग येतो तो फ्लेविनचा. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळी होते ना, तोच हा पिवळेपणा. त्या गोळीतल्या बी-टू जीवनसत्त्वापासूनच फ्लेविन बनतं. एन्झाइम म्हणजे प्रथिनाचा मोठा गोळा, आणि त्याच्या एका खोबणीत हे चिमुकलं फ्लेविन बसलेलं असतं. तनुजा सगळ्यांना सांगायची, जात्याला खुंटा असतो तसं समजा. दगड कितीही चांगला असू दे, खुंटा निघाला की जातं फिरत नाही. काम करतं ते खुंट्याच्या जोरावर. आणि या पिवळीचा खुंटा जरा सैलच असतो, चटकन निसटतो.

पिंपरीतली चांगली पक्की नोकरी सोडून तनुजा या शेडमध्ये आली, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. उद्धवरावांना काहीतरी 'सायन्सचं' करायचं होतं आणि तिला स्वतःच्या हातानं एक एन्झाइम उभं करायचं होतं. पण पिवळीनं दोघांच्या नाकी नऊ आणले. पहाटे भरलेली बॅच दुपारी काचेच्या नळकांड्यातून गाळून घ्यायची, तोवर ती मस्त पिवळी दिसायची. संध्याकाळी हातात यायची ती फिकट आणि आळशी. एकदा तनुजानं जवळचं महागडं फ्लेविन त्यात घालून पाहिलं. तासभर ती जिवंत झाली आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा मेली. मग सगळ्यांनी उकाड्याला दोष दिला. उद्धवरावांनी एसी बसवले, पाणी बदललं, फिल्टर बदलले. बॅचमागून बॅच गटारात गेली.

फक्त एकदा, श्रावणात, पिवळी जशी हवी तशी निघाली. त्या दिवशी छबूबाईंनी शेडच्या उंबऱ्यावर नारळ फोडला होता. तेव्हापासून त्या बॅचचं श्रेय छबूबाईंच्या मते नारळाला होतं, तनुजाच्या मते नव्या फिल्टरला होतं, आणि नंतरच्या दोन्ही बॅचना नारळही फोडला आणि फिल्टरही तोच होता, तरी त्या मेल्याच. श्रावणातली ती एकच बाटली उरली होती. परवा कंपनीचा माणूस तीच घेऊन जाणार होता.

आणि तीच आता देवापुढं पांढरीफटक पडली होती.

"कशाला काढली आजी?" तनुजाचा आवाज चढला. "झाकून ठेवायची असते ती! दोन वर्षं सांगतेय!"

"दोन वर्षं तू सांगतीस, रंग म्हंजे हिचा जीव हाय. मग देवीपुढं जीव झाकून ठिवू? समद्या हत्यारांची तोंडं उघडी आनि हिच्याच तोंडावर पत्रा? देवीला दिसाया नगं का, आमच्या घरात काय पिकलंय ते?"

बाईंनी तिचंच बोलणं मनापासून ऐकलं होतं. तनुजानं बाटलीकडं हात नेला.

"हात लावायचा न्हाई. उत्तरपूजा उद्या."

तेवढ्यात उद्धवराव आत आले. पन्नाशीचे, भले गृहस्थ, पण दोन वर्षांत डोळ्यांखाली काळं आलेलं. त्यांनी बाटली पाहिली, तनुजाचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते न विचारता ओळखलं.

"राहू द्या मॅडम," ते थकून म्हणाले. "आता उद्या उचलली काय नि आज काय. उद्या नवनाथ येतोय. मी त्याला हो म्हणून टाकतो."

भोसरीचा हा नवनाथ लोकांच्या जागा गोदामाला भाड्यानं लावून द्यायचा. वर्षभर तो उद्धवरावांच्या मागं लागला होता. फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं: "भाऊ, तुमच्या त्या रिकाम्या शेडचं काय झालं?" शेडमध्ये टाक्या होत्या, नळ्या होत्या, दोन माणसं राबत होती, तरी त्याच्या लेखी ते रिकामंच. दसऱ्याच्या मुहूर्तावर नारळ देऊन जागा पक्की करायची, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. उद्धवरावांनी तनुजाला शब्द दिला होता की पिवळी कंपनीत पास झाली तर नवनाथला नाही म्हणेन. आता पास व्हायला पिवळी तरी कुठं होती?

तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या रागात रडूही मिसळलेलं होतं, पण रडायला तिला सवड नव्हती. तिनं वाकून चौरंगावरची बाटली उचलली.

छबूबाई उठून उभ्या राहिल्या. "तनुजा!"

"आजी, देवीचा राग मी माझ्यावर घेते. या पिवळीला जीव देता आला तर मी हिला परत इथंच आणून ठेवीन. पण अशी मेलेली ठेवून मला नमस्कार करता येणार नाही."

बाटली उचलली तसं तिच्या मागं, झेंडूच्या माळेखाली दडलेलं काहीतरी घरंगळलं. अंगठ्याएवढी एक नळी. याच श्रावणातल्या बॅचमधली, शिल्लक म्हणून ठेवलेली. तिच्यावरची फॉइल मात्र जशीच्या तशी होती.

"ही का नाही सोलली?"

"चिकटपट्टी निघंना. नखं दुखाया लागली," छबूबाई घुश्शात म्हणाल्या. "म्हनलं, ऱ्हाऊ दे, ल्हान हाय."

तनुजानं नळी सावलीत नेली, फॉइलची कड जराशी उचकटली आणि आत पाहिलं. पिवळीधमक! सकाळपासून दोघी एकाच चौरंगावर होत्या. ऊब तीच, हवा तीच, हळदकुंकूही तेच. झाकलेली जगली आणि उघडी मेली. म्हणजे उकाडा नव्हे. दोन वर्षं ज्याच्यावर एसी सोडले तो उकाडा यात नव्हताच.

ती चौरंगापाशी खाली बसली आणि वर बघू लागली. चाकणमध्ये शेड बांधताना विजेचं बिल वाचावं म्हणून छतात मधे मधे पारदर्शक पत्रे घालतात. इथं त्यांच्या दोन रांगा होत्या. पहिली चौरंगावर उजेड ओतत होती. दुसरी कुठं, हे बघायला तिनं मान वळवली. दुसरी बरोबर त्या काचेच्या नळकांड्यावर होती, ज्यातून ती प्रत्येक बॅच भर दुपारी गाळत असे. फ्लेविनला उजेड सोसत नाही हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं, म्हणून तर भरलेल्या बाटलीला फॉइल. पण गाळताना ते प्रथिनाच्या खोबणीत सुरक्षित असतं आणि थेट ऊन काही पडत नाही, या भरवशावर ती राहिली होती. पण सैल खुंटा गाळताना निसटत होता आणि निसटला की वरचा उजेड त्याला जाळून टाकत होता. नवीन घातला तोही तसाच जळला होता.

तिनं ज्योतीरामला फोन लावला. तो दापोडीला मेव्हण्याकडं सणाला गेला होता.

"ज्योतीराम, श्रावणात चांगली बॅच निघाली त्या दिवशी आभाळ कसं होतं?"

"आभाळ? म्याडम, हे काय इचारनं झालं का?" मागं लेकरांचा गलका चालला होता. "काळंकुट्ट व्हतं की. दुपारच्याला आपुन समदे बल्ब लावले व्हते. मीच लावले, मला ध्यानात हाय."

तनुजानं फोन ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. नारळही नव्हे, फिल्टरही नव्हे. त्या दिवशी ढग होते!

"भाऊ," ती उद्धवरावांना म्हणाली, "मागच्या महिन्यातली मेलेली बॅच अजून आहे. कोल्डरूममध्ये, मागच्या ड्रममध्ये."

"ती तर मी टाकून द्यायला सांगितली होती."

"मी टाकली नाही."

रागवावं की हसावं, उद्धवरावांना कळेना.

"त्यात दगड शाबूत असेल. फक्त खुंटा गेलाय. माझ्याकडं फ्लेविनची एकच कुपी उरलीय. ती घालून बघते. पण या वेळी पूर्ण अंधारात. उजेडाचा एक कण नको. आणि ती पुन्हा मेली, तर उद्या नवनाथला चावी मी स्वतः देईन."

कोल्डरूम म्हणजे जेमतेम दोन माणसं मावतील अशी थंडगार खोली. आतला दिवा घालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही. आता अंधारात मोजूनमापून थेंब घालायचे कसे? फ्लेविन निळा उजेड पितं, जांभळा पितं; लाल मात्र ते पीत नाही, म्हणून लाल उजेडात ते जळत नाही. लाल दिवा हवा होता. पण सणाच्या दिवशी चाकणमध्ये लाल बल्ब कोण उघडं ठेवून बसलंय? तिनं शेडभर शोधलं. उद्धवराव गाडीचा मागचा दिवा खोलायला निघाले, तर पान्हे सगळे चौरंगावर, पुजलेले.

छबूबाई अजून खुर्चीतच होत्या. दोघांचं बोलणं त्यांनी शब्द न् शब्द ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पोरी," त्या म्हणाल्या, "म्हंजे तिला म्या मारली."

"नाही आजी. या बाटलीला उजेड तुम्ही दाखवलात, पण आधीच्या सगळ्या मी मारल्यात. तुम्ही आज हे केलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं."

छबूबाईंनी पदर खोचला. चौरंगापाशी जाऊन हात जोडले, ओठांतल्या ओठांत देवीशी काहीतरी बोलल्या. मग पुजलेल्या हत्यारांच्या खालचा लाल खण त्यांनी अलगद ओढून काढला. पान्हे खणखणत रांगोळीत पडले.

"आई!" उद्धवराव ओरडलेच.

"गप ऱ्हा. देवीचं नि माझं झालंय बोलनं." त्यांनी खण झटकला आणि तनुजापुढं धरला. "ह्यो ब्याटरीला गुंडाळ. चार पदरी गुंडाळ. लालभडक पडंल उजेड. आनि ब्याटरी म्या धरनार. तुला दोन हात लागतील."

कोल्डरूमचं दार लावलं तेव्हा आत तनुजा, छबूबाई आणि तो लाल उजेड एवढंच होतं. म्हातारीच्या अंगावर उद्धवरावांचं जाकीट. थंडीनं तिचे दात वाजत होते, पण ब्याटरी धरलेला हात हलत नव्हता. तनुजानं कुपी फोडली. त्या चिमूटभर भुकटीवर दोन वर्षं टांगलेली होती. पिपेटनं एकेक थेंब मोजत तिनं फ्लेविन आधी ड्रममधून बाटलीत काढून घेतलेल्या मेलेल्या बॅचमध्ये घातलं, हळूहळू ढवळलं. उरलेलं पूजेतल्या बाटलीत घातलं. मग दोन्हींवर फॉइल, फॉइलवर काळी पिशवी.

"आता?" छबूबाईंनी विचारलं.

"आता खुंटा बसायला वेळ द्यायचा."

"कुठवर?"

"तुम्ही एक आरती सगळी म्हणाल तोवर तरी."

छबूबाईंनी एक सोडून तीन म्हटल्या, थरथरत्या आवाजात, ब्याटरी हातात तशीच. तनुजाला त्यांच्यातली एकही नीट येत नव्हती, तरी शेवटी शेवटी तिनं सूर धरला.

पारख बाहेर करायची होती; तेवढ्या चार मिनिटांत उजेडानं काही बिघडत नाही. पिवळीचे चार थेंब, तिचं खाद्य आणि एक रंग येणारं औषध असं नळीत एकत्र करायचं. एन्झाइम जिवंत असेल तर चहा गाळून होईपर्यंत नळी डाळिंबी होते. मेलेलं असेल तर नुसतं पाणी. तनुजानं नळ्या शेडमधल्या टेबलावर लावल्या. पूजेतल्या बाटलीची नळी जरा गुलाबी होऊन थांबली. बिचारीला उन्हाचाही मार बसला होता. पण टाकून द्यायच्या ड्रममधली नळी आधी गुलाबी झाली, मग लाल, मग डाळिंबाच्या दाण्यासारखी गच्च. उद्धवरावांनी ती हातात घेतली आणि किती तरी वेळ खाली ठेवलीच नाही.

"ही संध्याकाळीही अशीच राहील?" त्यांनी विचारलं.

"अंधारात राहिली तर."

संध्याकाळी पाहिलं, तशीच होती. दसऱ्याच्या सकाळी पाहिलं, तशीच होती. तनुजाला हसू येत होतं आणि डोळेही पुसावे लागत होते.

दसऱ्याला नवनाथ आला तो नारळ आणि पेढे घेऊनच. शटरच्या दारातच त्यानं सुरुवात केली, "काय भाऊ, मग रिकाम्या शेडचं आज पक्कं ना? मुहूर्त टळायला नको. उद्या म्हणाल तर माझी पार्टी निघोजेत जागा घेऊन मोकळी होईल."

उद्धवराव घुटमळले. औषध कंपनीचा माणूस अजून यायचा होता. त्यानं नापास केलं तर हाही गेला आणि तोही. ते आईकडं बघू लागले. 

छबूबाई उठल्या. उत्तरपूजा करून त्या नुकत्याच बसल्या होत्या. त्यांनी ताटातलं आपट्याचं पान नवनाथच्या हातावर ठेवलं.

"घ्या सोनं. आनि शेड रिकामं न्हाई."

"अहो आजी, पण भाऊ तर—"

"जमीन माझी हाय. शेड भरल्यालं हाय. पेढे ठिवा, नारळ घिऊन जावा."

नवनाथ गेला. उद्धवराव मग दिवसभर छतावर होते. ज्योतीराम सण अर्धा टाकून दापोडीहून आला आणि दोघांनी शेततळ्याला घालतात तो काळा जाड कागद पारदर्शक पत्र्यांवर टाकून तारांनी आवळून बांधला. खाली बल्ब लावावे लागले. बिल वाढणार, असं उद्धवराव एकदाच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. निरंजन त्याचं नाव, तिशीतला, फार न बोलणारा. भर दुपारी आतला तो मिणमिणता उजेड पाहून तो जरा थबकला. तनुजानं त्याला काही लपवलं नाही. बॅच आधी निकामी ठरली होती, फ्लेविन नंतर घातलंय, का घातलंय, सगळं सांगितलं. त्यानं स्वतःच्या नळ्या काढल्या, स्वतःचं औषध घातलं. नळी डाळिंबी झाली. त्यानं घड्याळात पाहिलं, पुन्हा एकदा करून पाहिलं. पुन्हा डाळिंबी.

"रंग बघू द्या जरा," असं म्हणत त्यानं बाटली उचलली, शटरबाहेरच्या उन्हाकडं दोन पावलं टाकली आणि फॉइलच्या कडेला नख लावलं.

त्याच्या मनगटावर फाटकन चापट बसली.

"सायेब," छबूबाई म्हणाल्या, "तोंड उघडायचं न्हाई तिचं. रंग म्हंजे तिचा जीव हाय, आनि जीव झाकून ठिवायचा असतोय. बघायचा आसंल तर आत चला, म्या ब्याटरी धरते."

उद्धवरावांनी डोळे मिटून घेतले. निरंजननं मनगट चोळलं, बाटली होती तशी खाली ठेवली आणि त्या म्हातारीकडं आणि तिच्या हातातल्या लाल खण गुंडाळलेल्या ब्याटरीकडं नीट पाहिलं.

"मॅडम," तो तनुजाला म्हणाला, "पुढची बॅच कधी भरताय?"